पहिला पगार आणि घरचं कर्ज

घरी पैसे पाठवू नकोस असं मी सांगणार नाही, आणि सांगितलं तरी तू ऐकणार नाहीस. पण रक्कम ठरवून पाठव. पगार झाला की ठरलेले पैसे आईच्या खात्यात, मग महिनाभर ‘अजून दोन हजार टाक ना’ला नाही म्हणायचं. दवाखाना निघाला तर गोष्ट वेगळी. जमलं तर वीजबिल, धाकटीची फी तूच परस्पर भर; हातात दिलेले पैसे सावकाराच्या व्याजात कधी जिरतात कळत नाही.

पुण्यात आधी कॉट बेसिसवरच राहा, म्हणजे इतरांसोबतच्या खोलीत फक्त एका कॉटचं भाडं. फ्लॅटचं डिपॉझिट, गॅस, भांडी यातच पगार उडेल. बऱ्याच मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, तोही खर्च धर.

आता महत्त्वाचं. नोकरी लागली की भाऊबंद कागद घेऊन येतील: ‘नुसती सही कर, जामीनदार लागतोय.’ नुसती सही नसते रे ती! १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. काकांनी हप्ते थकवले तर बँक थेट तुझ्या दारात येऊ शकते, आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर, बिघडला की उद्या तुलाच कर्ज मिळायची मारामार. वाईटपणा आजच घे. एटीएम कार्ड, ओटीपी कुणाला नको. दादालाही नको.

वडिलांच्या बँक खात्यावर पंतप्रधान सुरक्षा विमा काढून टाक. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. फॉर्मवर नॉमिनी म्हणून आईचं नाव आधारवर आहे तसंच लिही.