शाळेत पाळणाघर काढलं तर बालविवाहाला खतपाणी मिळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : अमेरिकेत शाळेतच विद्यार्थिनींच्या बाळांसाठी पाळणाघरं असतात असं तुम्ही वाचलंत, तुमची कंपनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेला असं काही करायला पैसे देईल, पण त्याने बालविवाहाला खतपाणी तर मिळणार नाही ना, आणि द्यायचेच झाले तर पैसे कशावर खर्च करावेत.

मी करवीर तालुक्यातल्या एका शाळेत एकवीस वर्षं शिकवते. अकरावी-बारावीला मराठी. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिच्याबद्दल एक-दोन वाकडे शब्द येणार आहेत.

आधी खतपाण्याचं बघू. शाळेत पाळण्याची सोय आहे, तेव्हा पोरगी उजवून टाकू, असा हिशेब करणारा बाप मी अजून बघितलेला नाही. हिशेब वेगळेच असतात. दहावीनंतरचं कॉलेज दुसऱ्या गावात, संध्याकाळची एसटी बेभरवशाची, मग ‘उद्या कायतरी झालं तर तोंड कुठं दाखवायचं?’ थोरलीच्या मांडवातच धाकटीचं उरकलं की एका जेवणावळीचा खर्च वाचतो. आणि दिवाळीनंतर आपल्याकडे ऊस तोडायला ज्या टोळ्या येतात, त्यांच्यात तर नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. टोळीचा मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्यावर. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. कागल-शिरोळकडे हंगामात फिरलात तर फडाच्या कडेला उसाच्या सावलीत टांगलेल्या झोळ्या दिसतील, आणि त्यातल्या काहींच्या आया मुळात आमच्या नववी-दहावीत बसायच्या वयाच्या असतात.

आकडा हवा असेल तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. पाचातली एक. १५ ते १९ वयाच्या मुलींत ७.६ टक्के एक तर आई झालेल्या किंवा गरोदर. हे सगळं शाळांत एकही पाळणा नसताना झालेलं आहे.

अमेरिकेचं म्हणाल, तर तिकडेही पूर्वी गरोदर मुलीला शाळेतून घालवूनच देत. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला गरोदरपणावरून मुलीशी भेदभाव करता येईना. न्यूयॉर्क शहराचं शिक्षण खातं आजही विद्यार्थी आई-बापांच्या बाळांसाठी शाळांमध्ये फुकट पाळणाघरं चालवतं. का चालवतं, तर तिकडच्या आकड्यांनुसार लहान वयात आई झालेल्या मुलींपैकी जेमतेम निम्म्या बाविसाव्या वर्षापर्यंत शालान्त होतात, बाकीच्या मुलींत हेच प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. आणि तुमच्या शंकेपुरतं : १९९१ साली तिथे १५ ते १९ वयाच्या हजार मुलींमागे ६१.८ बाळंतपणं होत, २०१९ साली १६.७. पाळणाघरांमुळे घटली असं मी म्हणत नाही, कारणं बरीच आहेत. पण पाळणाघरं असताना वाढली तरी नाहीत.

आता इथलं सांगते.

आमच्या वर्गातली एक मुलगी अकरावीची परीक्षा झाल्यावर महिन्याभरात लग्न होऊन गेली. वय सतरा पूर्ण. मला कळलं तेव्हा हळद उतरून पंधरा दिवस झाले होते. मी १०९८ ला, मुलांसाठीच्या मदतीच्या नंबरला, फोन केला नाही. का केला नाही याची कारणं तेव्हा माझ्याकडे भरपूर होती, आज त्यातलं एकही धड वाटत नाही. दीड वर्षाने ती स्वतःहून परत आली, बारावी करायचीय म्हणाली. नवरा शिरोलीला फौंड्रीत, बाळ चार महिन्यांचं. बाळाला सासूजवळ ठेवून ती साडेदहाच्या गाडीने यायची.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. तिसऱ्या तासाला मी अलंकार शिकवत होते. मागच्या बाकावर ही दोन्ही हातांनी ओढणी छातीशी घट्ट धरून, मान खाली घालून बसलेली. मला वाटलं, डुलकी लागली. जवळ गेले तर कमीज पुढून ओलं. आमच्या आवारातच अंगणवाडी आहे. तिथलं कुणाचं तरी पोर रडलं होतं आणि हिला वर्गात बसल्याजागी पान्हा फुटला होता. स्टाफरूमच्या मागच्या मोरीत नेलं, तिथे तिने दूध पिळून पाण्याबरोबर सोडून दिलं. चार किलोमीटरवर तिचं बाळ त्याच वेळी बाटलीने वरचं दूध पीत असणार. ‘बाई, उद्या येतो,’ म्हणाली. (आमच्याकडच्या पोरी ‘येतो-जातो’च म्हणतात.) त्या आठवड्यात ती तीन दिवस आली, पुढच्या आठवड्यात एक.

अंगणवाडी आवारातच असून तिचा काही उपयोग नव्हता, हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. अंगणवाडीत बसवतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. त्याखालच्या बाळांना घरी न्यायचा पोषण आहार मिळतो, लसीकरण होतं, वजन होतं, पण त्यांना दिवसभर सांभाळायला तिथे कुणी नसतं. सेविकाताईंना नोंदी, सर्वेक्षण आणि मोबाइलवरची माहिती यातून मान वर करायला वेळ नसतो. नेमकी तीन वर्षांखालची ही जी फट आहे, त्या फटीतच या मुली अडकतात.

योगायोगाने त्याच सुमारास आमच्या एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवरून परतल्या होत्या. बाळं ठेवायला खोली मिळावी असा अर्ज आम्ही केला तो त्यांच्या बाळासाठी. विद्यार्थिनीचा उल्लेखच नाही. तरीही संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी ‘शाळा हाय का पाळणाघर?’ असं विचारलंच. पण बाईंचं बाळ म्हटल्यावर नाही म्हणता येईना. खेळाच्या सामानाची खोली मिळाली, तीही तोंडी. लेझमाच्या पेट्या आणि फुटके कॅरम एका कोपऱ्यात सरकवले, छताच्या लोखंडी पाइपाला नऊवारीची झोळी बांधली. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींचं काम दुपारी आटोपायचं. मग त्या बसायच्या, आणि सकाळचे दोन तास शिपाईमामांची सून. आम्ही चौघीजणी मिळून दोघींना महिन्याला पैसे द्यायचो. मोठी अडचण निघाली ती घंटेची. रुळाच्या तुकड्यावर टोला पडला की बाळं दचकून उठायची. आठवड्याभराने मामांनी हातोडीला पोत्याचं फडकं गुंडाळलं. मग लांबच्या वर्गांना ऐकू जाईना आणि गणिताचे सर रोज पाच मिनिटं जास्त घ्यायला लागले.

सासूबाईंकडे मी दोनदा जाऊन आले. त्यांचा शिक्षणाला विरोध नव्हता, त्यांना माणूस हवं होतं. ‘बाई, धारा काढून डेअरीला दूध घालायचं, मग शेण, मग वैरण, आनी वर ह्ये पोरगं. मी एकली कुठं कुठं पुरू?’ बाळ शाळेतच राहणार म्हटल्यावर त्या विरघळल्या. अट एकच, पाचच्या गाडीने घरात. अमेरिकेच्या आणि आपल्या गोष्टीत हा मोठाच फरक आहे. तिकडच्या बहुतेक मुली बिनलग्नाच्या असतात, आपल्याकडच्या बहुतेक लग्न झालेल्या. शाळेचं फाटक आपण उघडलं तरी सासरचा उंबरा ओलांडायचा राहतोच. समुपदेशनाचे तक्ते त्या उंबऱ्यावर काही कामाचे नाहीत. सासूचं एक काम कमी झालं की मात्र दार उघडतं.

आता ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं ते. महिन्या-दीड महिन्यात त्या खोलीत पाच पोरं झाली. एक बाईंचं, एक हिचं, एक मामांची नात, आणि दोन आठवीतल्या दोघी पोरींचे धाकटे भाऊ. या दोघी तोवर आठवड्यातून दोन-तीन दिवसच यायच्या. आम्ही हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहून मोकळे व्हायचो. आई भांगलणीला (शेतातलं तण काढायला) गेली की घरी धाकट्याला सांभाळायला राहणारी ती हीच, हे आम्हाला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. भाऊ खोलीत आला तशा त्या रोज यायला लागल्या. आणि पाच पोरांच्या गोंधळात बारावीतल्या मुलीचं बाळ कोणतं, हे गावात कुणी विचारेना.

ही काही आमची अक्कल नव्हे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवून दाखवली, तिला त्यांनी विकासवाडी म्हटलं. धाकटी भावंडं सांभाळणारी मुलं शाळेत यायची तर धाकट्यांनाही आणू द्यावं लागेल, इतका साधा विचार. आणि कोल्हापूरकरांनी याला परदेशी खूळ म्हणावं हे तर मला फारच चमत्कारिक वाटतं. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करून, पोर शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवणाऱ्या शाहू महाराजांचं हे गाव. १९१८ साली त्यांचे धाकटे चिरंजीव गेले, तेव्हा अजून लहानच असलेल्या सुनेच्या, इंदुमतींच्या, शिक्षणाची सोय महाराजांनी घरातला विरोध पत्करून केली. लग्न झालं म्हणजे पाटी फुटली, असं इथल्या छत्रपतींनीच मानलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की ‘किशोरवयीन मातांसाठी उपक्रम’ असा फलक लावूच नका. त्या फलकाखाली एकही मुलगी येणार नाही, आणि आली तर गाव तिला बघायला येईल. शाळेच्या आवारात किंवा अगदी लागून, गावातल्या सगळ्यांच्या तीन वर्षांखालच्या बाळांसाठी पाळणाघर काढा. भांगलणीला जाणारीचं, शिक्षिकेचं, ग्रामपंचायतीतल्या कारकुनाचं, आणि त्यातच विद्यार्थिनीचं. केंद्र सरकारच्या ‘पालना’ योजनेत अंगणवाडीला जोडून सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलांसाठी पाळणाघर काढता येतं. तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना आधी भेटा, मगच स्वतःची वेगळी चूल मांडायची की नाही ते ठरवा.

कायद्याचं मात्र नीट समजून घ्या, इथे भाबडेपणा चालत नाही. २००६ च्या कायद्याने मुलीचं लग्न अठराच्या आत करणं गुन्हा आहे, आणि गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बायको अठराच्या आतली असेल तर नवऱ्याने ठेवलेला संबंध हाही बलात्कारच. आणि पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, अशी गोष्ट कळलेल्या प्रत्येकाला, शिक्षकालाही, ती कळवावीच लागते, न कळवणं हा गुन्हा. परिणाम काय होतो? दवाखान्यात वय एकोणीस सांगितलं जातं, आणि शाळेत तर पोरीला आणतच नाहीत. कायद्याचा हेतू मला मान्य आहे. पण नवरा आत गेल्यावर सासरी त्या पोरीचं काय होतं, हे बघायला कुणी थांबत नाही. तुम्ही लपवाछपवीत पडू नका. अठराच्या आतली मुलगी समोर आली तर १०९८ आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती हाच रस्ता, आणि तो चालताना तिच्यासोबत एक जाणती बाई असेल एवढं बघा. अठरा पूर्ण झालेल्या मुलींच्या बाबतीत मात्र शाळेला घाबरायचं काही कारण नाही, तरीही शाळा घाबरतात. ‘तू आपली सतरा नंबरचा फॉर्म भर,’ असं सांगून वाटेला लावतात. बाहेरून परीक्षा देण्याची सोय चांगलीच आहे, रोज येणं ज्यांना खरंच जमत नाही त्यांच्यासाठी. शाळेला ब्याद नको म्हणून नव्हे.

आमच्या मुलीचं पुढे काय झालं, तर मार्चमध्ये इंग्रजी राहिला, पुरवणी परीक्षेत सुटला. खोली मात्र दीड वर्षातच गेली. संगणक कक्षाला जागा हवी होती आणि आमच्याकडे कागद नव्हता. आठवीतल्या त्या दोघींपैकी एक नववीला आली, दुसरी आली नाही.

तेव्हा पैसे द्याल तर पगाराला द्या. भिंतीवरच्या कार्टूनला, झोक्याला, उद्घाटनाच्या मांडवाला नको. दोन बायका, पूर्णवेळ, निदान तीन वर्षांची हमी, आणि खोलीबद्दल संस्थेचा लेखी ठराव. गावातल्याच बायका घ्या, सासवांच्या वयाच्या असतील तर उत्तमच. बाळाच्या आईला मधल्या सुट्टीशिवाय आणखी दोनदा वर्गातून उठायची मुभा मुख्याध्यापकांकडून आधीच घेऊन ठेवा. ती नसेल तर बाकी सगळं असून नसल्यासारखं.

आणि जागा बघायला जाल तेव्हा दाराला आतून कडी आहे का ते बघा. आमच्या खोलीला नव्हती. पहिले पंधरा दिवस ती बाळाला पाजायला बसली की मी बाहेर दाराला पाठ लावून घटक चाचणीचे पेपर तपासत उभी असायचे.