अक्षता पडल्या की निघावे

प्रिय मैत्रिणी,

गेल्या वर्षी, वयाच्या 29व्या वर्षी, तुम्हाला स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले. यंदाच्या मे महिन्यात, नागपूरच्या 45 अंशांच्या उकाड्यात, चुलत बहिणीच्या लग्नात काकूंनी "अशी गप्प का गं बसलीस?" एवढेच विचारले आणि तुम्हाला रडू आवरेना, पुढे दोन दिवस तोंडातून शब्द फुटला नाही. घरचे याला नखरे म्हणतात, आणि आता तुम्हालाही तसेच वाटू लागले आहे.

नखरे करणाऱ्याला बघणारे लागतात. तुम्ही तर न्हाणीघराला आतून कडी लावून बसलात. आवाज, प्रकाश, स्पर्श यांचा असा तीव्र त्रास 2013 सालच्या डीएसएम-5 या निदान-पुस्तिकेतल्या स्वमग्नतेच्या निकषांतही नोंदलेला आहे. काकूंचा प्रश्न निमित्त झाला, भार सकाळच्या हळदीपासून साचत होता.

पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली: घरच्या कूलरच्या घरघरीशिवाय तुम्हाला झोप लागत नाही. तीच घरघर मंगल कार्यालयात असह्य झाली, कारण घरी बटण तुमच्या हाताशी असते, आणि तिथे मात्र त्या आवाजावर डीजे, भांड्यांचा खणखणाट आणि पन्नास जणांची विचारपूस चढते.

'सहन होईनासे झाले की उठेन' हा बेत सोडा. अनेक स्वमग्न व्यक्तींना तहान, थकवा, उकाडा यांची जाणीव उशिरा होते, आणि उठायला हवे हे कळेपर्यंत बोलण्याचे त्राणच उरत नाही. म्हणून घड्याळावर चाला. बरे वाटत असले तरी दर तासाला दहा मिनिटे पाण्याची बाटली घेऊन बाहेर बसा. कानात फोमचे बोळे घाला, केसांखाली ते दिसत नाहीत. जरीऐवजी धुऊन मऊ झालेली सुती साडी नेसा, मग कोणी काहीही म्हणो. 'सवयीने जाईल' हा सल्ला मला पटत नाही. सवय चेहऱ्याला होते, त्रास तेवढाच राहतो.

भावाशी एक खूण ठरवा: तुम्ही चष्मा काढून हातात घेतला की त्याने काही न विचारता गाडी काढायची. नंतरच्या मौनासाठी फोनमध्ये "बरी आहे, उद्या बोलते" असा संदेश तयार ठेवा.

आईशी मात्र आताच, घर निवांत असताना बोला. आपल्याकडे आग्रहाने पंगतीला बसवल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत. तेव्हा अक्षता पडल्या की तुम्ही निघणार आणि विचारणाऱ्यांना उत्तर आई देणार, हे दोघींत आधीच ठरलेले असू द्या.