अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमध्ये डिफेन्सिव्ह बॅक्सचा (मागे राहून पास अडवणाऱ्या बचावपटूंचा) कोच कसं होतात? यात करिअर होतं का?

कालपासून हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. तुम्ही लिहिलंय की भाचा टेक्सासमध्ये वाढला, हायस्कूलच्या टीममध्ये सेफ्टी (सगळ्यात मागे राहणारा बचावपटू) खेळायचा, कॉलेजच्या टीममध्ये जागा मिळाली नाही, आणि आता डिग्री हातात असताना कोच व्हायचं म्हणतोय. घरात रडारड चाललीय. किती वर्षं लागतात आणि पोट भरतं का, एवढंच तुम्हाला हवंय.

माझा मुलगा हेच काम करतो. नववं वर्ष आहे. आम्ही ओहायोत राहतो, तो सध्या इथून सात तासांवरच्या कॉलेजात कॉर्नर (कडेचे बचावपटू) आणि सेफ्टी दोन्ही सांभाळतो. तेव्हा ऐकीव काही सांगत नाही.

सुरुवात बहुतेकांची जीए म्हणून, म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट. मास्टर्सला नाव घालायचं, बहुतेक ठिकाणी फी माफ होते, हातात थोडे पैसे पडतात. माझ्या मुलाला महिन्याला ९०० डॉलर मिळायचे. बदल्यात पहाटे पाचला ऑफिस. पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी सामना, त्यांचे डाव एकेका कार्डावर मार्करने काढायचे, फिल्म कापून लावायची, कॉलेज बघायला आलेल्या पोरांना विमानतळावरून आणायचं. तो स्वतः डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या खालच्या गटात, कॉर्नर खेळला, तेही बहुतेक वेळ बाकावर बसून. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसतेच, आम्ही फी भरून खेळवलं. तुमच्या भाच्यापेक्षा तो फार पुढे होता असं नाही.

जीएनंतर छोट्या कॉलेजात कोच, आणि मग कधी कधी मोठ्या कॉलेजात पुन्हा खालची पायरी. हे घरच्यांना पचत नाही. कर्बी स्मार्ट बघा. जॉर्जियात सेफ्टी खेळलेले, २००० साली वाल्डोस्टा स्टेट या छोट्या कॉलेजात डिफेन्सिव्ह बॅक्सचे कोच, पुढच्या वर्षी तिथलेच डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे सगळ्या बचावाचे प्रमुख. आणि २००२ मध्ये फ्लोरिडा स्टेटला चक्क जीए म्हणून गेले. दोन वर्षं तिथे काढल्यावर २००४ मध्ये एलएसयूत (लुइझियाना स्टेट) निक सेबन या नावाजलेल्या हेड कोचच्या हाताखाली लागले. पुढे जॉर्जियाचे हेड कोच होऊन २०२१ आणि २०२२ च्या सीझनचं राष्ट्रीय विजेतेपद लागोपाठ घेतलं. सेबन यांनी तर १९७३ मध्ये केंट स्टेटला जीए म्हणून सुरुवात केली. मग वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नेव्ही असं गाव बदलत डिफेन्सिव्ह बॅक्सच शिकवले. हेड कोचची पहिली नोकरी टोलीडोत, १९९० साली. म्हणजे १७ वर्षं. अलाबामात एवढं नाव झाल्यावरसुद्धा सरावात ते डिफेन्सिव्ह बॅक्सच्या घोळक्यात स्वतः उभे असायचे. वर्षांचा हिशेब यावरून तुम्हीच करा.

पण खरं विचारायला हवं होतं ते तुम्ही विचारलंच नाहीत. हेड कोचला काढलं की काय होतं?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजचं नाव लिहीत नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी सीझन संपला, रविवारी दुपारी हेड कोचला काढलं आणि त्याच्याबरोबर अख्खा स्टाफ गेला. त्या वर्षी माझ्या मुलाच्या हाताखालच्या पोरांनी चांगलं खेळून दाखवलं होतं, पण त्याचा काही संबंध नसतो. नवा हेड कोच आपली माणसं घेऊन येतो. सोमवारी मुलाचं कार्ड दाराला लागेना.

थँक्सगिव्हिंगला मी त्याच्याकडेच गेले होते, पुरणपोळ्या करून नेल्या होत्या, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. मला वाटलं आता हा कोसळणार. त्याने वही काढली आणि फोन लावायला बसला. नोकरीसाठी नाही. आमच्या टीममध्ये या म्हणून सांगायला वर्षभर हायस्कूलच्या ज्या पोरांच्या घरी जाऊन बसला होता, ज्यांच्या आयांना "मी बघेन त्याच्याकडे" म्हणून शब्द दिला होता, अशी अकरा पोरं होती. इंटरनेटवर वाचायच्या आधी माझ्या तोंडून कळलं पाहिजे, म्हणाला. मी स्वयंपाकघरात उभी राहून अकराही फोन ऐकले. प्रत्येकाला तेच सांगायचं, की मी आता तिथे नसेन, पण कॉलेज चांगलं आहे, घाईने निर्णय बदलू नकोस. आठव्या फोननंतर उठून तोंड धुऊन आला. दहाव्या फोनवर एका आईने त्यालाच विचारलं, तू जेवलास का?

जानेवारीत कोचेस असोसिएशनचं अधिवेशन असतं, तिथे हॉटेलच्या लॉबीत बायोडेटा घेऊन तीन दिवस उभा राहिला. काही हाती लागलं नाही. नोकरी मार्चमध्ये मिळाली, ती ज्या कोऑर्डिनेटरसाठी जीए असताना कार्डं काढली होती त्याच्या एका फोनमुळे. याला कुणी वशिला म्हणू नये. त्या माणसाने याला पहाटे पाचला दोन वर्षं पाहिलं होतं.

मधल्या फेब्रुवारीत भाचीच्या लग्नाला आम्ही सांगलीला गेलो. माझ्या मोठ्या भावाने पंगतीत सगळ्यांदेखत विचारलं, "म्हणजे शेवटी पीटीचा मास्तरच ना? आणि तोही बिननोकरीचा." मी काही बोलले नाही, श्रीखंड वाढत राहिले. ते मला अजून सलतं.

दादाला आज सांगते. मी शाळेत कबड्डी खेळायचे, डावा कोपरा. चढाई करणारीच्या तोंडाकडे बघू नकोस, कमरेकडे बघ, हे मला पीटीच्या सरांनीच शिकवलं. मुलगा घरी असताना लॅपटॉपवर फिल्म बघत होता, मी मागे उभी होते. त्याचा कॉर्नर दोनदा फसला तेव्हा मी म्हटलं, हा समोरच्याच्या तोंडाकडे बघतोय. मुलाने फिल्म थांबवली आणि माझ्याकडे वळून बघत राहिला. त्या पोराला सकाळी त्याने नेमकं तेच सांगितलं होतं. लाइनमन (पुढच्या रांगेतला खेळाडू) चुकला तर फारसं कुणाला दिसत नाही. कॉर्नर चुकला की चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो आणि अख्खं स्टेडियम त्यालाच बघतं. पुढचा डाव ४० सेकंदांत सुरू होतो, तेवढ्यात त्या १९ वर्षांच्या मुलाला परत उभं करायचं असतं. ज्याला हे जमतं तो मास्तर आहेच, आणि ते कमीपणाचं नाही.

पगाराचं राहिलं. मोठ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे बड्या कॉलेजांच्या गटांत, आकडे लाखो डॉलरांत आहेत. छोट्या कॉलेजात शाळेतल्या शिक्षकाइतके किंवा त्याहून कमी. मधलं फार थोडं असतं.

आणखी दोन गोष्टी. २०२४ च्या उन्हाळ्यात डिव्हिजन वनचा, म्हणजे मोठ्या कॉलेजांच्या गटाचा, नियम बदलला. आधी त्यातल्या वरच्या गटात हेड कोच सोडून दहा असिस्टंट आणि जीए एवढेच मैदानावर शिकवू शकायचे, आता अॅनालिस्टही (फिल्म बघून डावांचा अभ्यास करणारी माणसं) शिकवू शकतात. म्हणून माझ्या मुलाच्या वेळचं सगळं आज जसंच्या तसं लागू नाही. आणि भाच्याचं ग्रीन कार्ड झालं नसेल, तो एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असेल, तर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. जीएचे तास तेवढ्यात मावत नाहीत. आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, मग स्वप्नं बघा.

बाकी जूनमध्ये कॉलेजं हायस्कूलच्या पोरांसाठी कॅम्प घेतात, तिथे मदतीला माणसं लागतात. त्याने तिथून सुरुवात करावी. आणि बहिणीला सांगा, पहिली दोन वर्षं फ्रीजरमध्ये टिकेल असं काहीतरी करून पाठवत राहा. सीझन सुरू झाला की ही पोरं जेवत नाहीत.