‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’चे तीन सीझन बघून झाले. शेवट काय होतो ते वाचून झालंय आणि सगळे म्हणतात तो फसलाय. चौथा सीझन बघू की इथेच थांबू?

बघा. शेवट काय होतो ते तुम्ही आधीच वाचलंय असं प्रश्नात लिहिलंय, म्हणून मोकळेपणी लिहिते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: माणसानं बनवलेली सायलॉन नावाची यंत्रं उलटतात, आणि त्या संहारातून वाचलेली माणसं जहाजांमधून पृथ्वी शोधत फिरतात, अशी ही अंतराळातली मालिका.

शेवट फसलाय का? हो, फसलाय. मात्र लोक ज्याच्यावर चिडतात ते माझं कारण नाही. स्टारबक ही वैमानिक उभ्या उभ्या नाहीशी होते, देवदूत निघतात, देवाची योजना निघते, या सगळ्याला माझी हरकत नाही. देव पहिल्या सीझनपासून त्या गोष्टीत होताच. माझं भांडण ली अडामा या नायकाशी आहे. पृथ्वी सापडल्यावर तो म्हणतो, आता चक्र मोडू या, सगळं मागे टाकू आणि नव्यानं सुरुवात करू. अडतीस हजारांच्या आसपास माणसं उरलेली असतात. ती आपली जहाजं सूर्यात पाठवून देतात आणि हातात मावेल तेवढं सामान घेऊन गवतातून चालू लागतात.

मी टाइप १ मधुमेही आहे, म्हणजे इन्सुलिन रोज टोचून घ्यावंच लागतं. २००१ साली, बारा वर्षांची असताना कळलं. आम्ही तासगावला राहायचो. घरात फ्रीज होता, पण भारनियमनात त्याचा उपयोग किती? आई इन्सुलिनची बाटली कोरड्या डबीत घालायची, डबी मडक्यात, मडकं ओल्या वाळूवर आणि वरून भिजवलेलं फडकं. दुपारी दोनदा फडकं भिजवायचं काम माझ्याकडे होतं. शिवाय एक दोनशे पानी वही होती: तारीख, वेळ, साखर, किती युनिट. पट्ट्या महाग, म्हणून तपासणी दिवसातून एकदाच, पण आईनं एक दिवस कधी कोरा सोडला नाही.

२००३ च्या मे महिन्यात मी मामाकडे गेले, कवठेमहांकाळच्या पुढे. मामाची द्राक्षबाग. बागेला कुठल्या दिवशी कोणती फवारणी हे त्याला तोंडपाठ. माझ्यावर त्याचा जीव होता आणि माझ्या पोटावरचे सुयांचे डाग त्याला बघवायचे नाहीत. म्हणाला, “आपले आजे-पणजे काय सुया टोचून घेत होते का? आठ दिवस माझ्या पद्धतीनं राहू दे पोरीला.” पद्धत म्हणजे सकाळी कारल्याचा रस आणि दोन वेळा जांभळाच्या बियांची पूड. बाटली त्यानं कपाटात ठेवून दिली. मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. सुट्टीत सुई नाही!

दुसऱ्या दिवशी तहान लागायला लागली. तांब्या तोंडाला लावला की रिकामा व्हायचा. तिसऱ्या दिवशी उलट्या, आणि संध्याकाळी धाप. झोपल्या जागी धाप लागत होती, आणि मामी म्हणाली की हिच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय. मामाचा मुलगा, दादा, तेव्हा इंजिनिअरिंगला होता आणि सुट्टीला घरी आलेला. त्यानं कुणाला विचारलं नाही. मोटरसायकल काढली, मला मध्ये बसवलं, मागे मामी, आणि थेट मिरज. चार दिवस दवाखान्यात होते. डॉक्टर आईला म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर अवघड होतं.

हे एवढं सांगायचं कारण असं की ज्या माणसाशी माझं या शेवटावरून भांडण आहे, तो हाच दादा.

२००९ मध्ये मी पुण्यात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करत होते, दादा हिंजवडीत नोकरीला. त्याच्या हार्ड डिस्कवर अख्खी मालिका होती आणि दर रविवारी कोथरूडच्या त्याच्या खोलीवर आम्ही तीन-तीन एपिसोड बघायचो. शेवटचा भाग अमेरिकेत २० मार्चला लागला, आम्ही एप्रिलमध्ये बघितला. लीनं ती सूचना केली तेव्हा माझी पिशवी मांडीवर होती. आत स्टीलचा थर्मास, थर्मासात बर्फ, त्यात बाटली, आणि लाल टोपीच्या सिरिंजा. मी विचारलं, “आणि औषधं?” दादा म्हणाला, “अगं, बघ ना आधी.”

बघितलं. औषधांचा प्रश्न कुणीच विचारत नाही.

त्यानंतर जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. दादाचं म्हणणं, ते प्रतीक आहे. माणसानं यंत्रं बनवली, यंत्रं उलटली, पुन्हा तेच होऊ नये म्हणून यंत्रांचा त्याग. वर म्हणाला, “तू प्रत्येक गोष्टीत तुझी साखर आणतेस.” ते मला लागलं. आजही लागतं.

पण साखर मी आणलेली नाही, त्या मालिकेनंच आणली होती. तुम्ही तीन सीझन बघितलेत, आठवून बघा. ‘३३’ हा भाग: दर तेहतीस मिनिटांनी सायलॉन येतात, पाच दिवस कुणी झोपलेलं नाही, आणि राष्ट्राध्यक्ष रोझलिनच्या मागे पांढरा फळा आहे, त्यावर जिवंत माणसांचा आकडा. शेवटी एक मूल जन्माला येतं, ती उठते, पुसते आणि ४७,९७३ लिहिते. एका आकड्याचा फरक, आणि माझे डोळे भरून आले होते, कारण मला आईची वही आठवली. पुढे तर तो आकडा बहुतेक भागांच्या सुरुवातीला येतो. दुसऱ्या सीझनमध्ये औषधांचा काळाबाजार येतो. अठरा वर्षांत माणूस नामशेष होईल असा हिशेब समोर आल्यावर रोझलिन गर्भपातावर बंदी घालते. तिसऱ्यात एक डॉक्टर ‘फुकट औषधं वाया जातात’ म्हणून रोगी मारत असतो आणि हेलो हा अधिकारी त्याला पकडतो. रोझलिन स्वतः कॅन्सरची रोगी. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांमध्ये या मालिकेला धरून मानवाधिकारांवर चर्चा झाली होती, तीही शेवटाच्या तीनच दिवस आधी. इतकी ती एकेका माणसाचा हिशेब ठेवणारी मालिका.

आणि शेवटच्या तासात हिशेबाची वहीच बंद. दमेकरी, बाळंतीण, दाढ दुखणारा, माझ्यासारखी कुणी, त्यांचं काय झालं? त्याच्या थोडेच भाग आधी सायलॉनची मदत घ्यायची की नाही यावरून याच लोकांनी गेटा आणि झॅरेकच्या मागे जाऊन बंड केलं होतं, गोळ्या चालल्या होत्या. तीच माणसं आता सगळं सोडायला निमूट तयार? रोमो लॅम्पकिन हा वकीलसुद्धा म्हणतो, लोक इतक्या सहज कसे तयार झाले याचं आश्चर्य वाटतं. म्हणजे लिहिणाऱ्यांना भोक दिसलं होतं. एका वाक्याचा बोळा लावून ते पुढे गेले.

मालिकेचा कर्ता रोनाल्ड मूर यानं सांगितलंय की शेवट लिहिताना कथानक अडलं, तेव्हा त्यानं फळ्यावर लिहिलं की महत्त्वाची आहेत ती पात्रं. म्हणूनच पात्रांचे शेवट सुंदर झालेत. आयुष्यभर शेतकऱ्याचा मुलगा असल्याचं लपवणारा शास्त्रज्ञ बाल्टर ‘मला शेतीतलं कळतं’ म्हणताना रडतो, तिथे मीही रडले. रोझलिनचा मृत्यूही तसाच. पण पात्रं दहा-बारा. बाकीचे अडतीस हजार रोझलिनच्या फळ्यावर होते, मूरच्या फळ्यावर त्यांना जागा मिळाली नाही.

१९२२ च्या जानेवारीत टोरोंटोत चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी आमच्यासारख्या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवून घ्यायचे, एवढाच इलाज होता. दादाच्या ‘यंत्रं’ या शब्दात ती बाटली बसते का, हे त्यानं मला अजून सांगितलेलं नाही.

शेवटी ‘दीड लाख वर्षांनंतर’ जे मायटोकाँड्रियल ईव्हचं येतं तेही ढिसाळ आहे. मालिकेत ती म्हणजे हेरा, माणूस आणि सायलॉन यांची मुलगी. खरी ईव्ह आजच्या सगळ्या माणसांची, पण फक्त आईकडून लेकीकडे जाणाऱ्या धाग्याची सामाईक पूर्वज. तिच्या काळातल्या इतर बायकांचे वंशजही आज आहेत, मुलग्यांच्या वाटेनं आलेले. ‘आपण सगळे फक्त हेराचीच लेकरं’ एवढा अर्थ त्यातून काढायची गरज नव्हती.

आता तुमचं. चौथ्या सीझनच्या मध्यावर ‘रेव्हेलेशन्स’ नावाचा भाग आहे. तिथे शेवट झाला असता तरी चाललं असतं, इतका तो कडक आहे. निराश व्हायचं नसेल तर तिथे थांबा. पण मग बंडाचे भाग हुकतील, आणि ते हुकवू नयेत. ‘द प्लॅन’ हा चित्रपट सगळं संपल्यावर बघा किंवा सोडून द्या. मी हे चिडून लिहिलंय हे धरून चाला, शेवट मनापासून आवडलेलेही पुष्कळ आहेत. आणि कारल्याचा रस कुणी पीत असेल तर पिऊ दे, टाइप २ वाल्यांचं गणित वेगळं असतं, फक्त चालू औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका.

दादासाठी एक. मिरजेनंतरच्या मे महिन्यात मी पुन्हा मामाकडे गेले, तेव्हा मोरीच्या बाजूला वाळू पसरलेली होती, वर नवं मडकं, त्यावर भिजवलेलं फडकं. मामानं आणून ठेवलं होतं. बोलला काहीच नाही, पण दुपारी उन्हातून येऊन दोनदा फडकं तोच भिजवायचा. तू तेव्हा घरातच होतास. ली अडामाच्या त्या अडतीस हजारांत असं मडकं कोण आणणार होतं, तेवढं मला सांग, मग मी शेवट पुन्हा बघते.