सिनेमा उलटा फिरवला की हसू का येतं?

तुमचा प्रश्न आहे की पाण्यातून उलटा उडी मारून वर येणारा माणूस पाहून सगळे हसतात, पण घड्याळाचा लंबक उलटा दाखवला तर कुणीच का हसत नाही?

लंबक दोन्हीकडून सारखाच दिसतो, उलटं चाललंय हे कळतच नाही. हसू यायला परत न फिरणारी गोष्ट लागते: धूळ, धूर, सांडलेलं पाणी, गिळलेला घास. सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळातले फ्रेंच चित्रपटकार ल्युमिएर बंधू यांची १८९६ ची भिंत पाडण्याची चित्रफीत बघा. ती सुलट दाखवून झाली की उलटी दाखवत. पांढरी धूळ आत ओढली जाते आणि पडलेली भिंत ताठ उभी राहते. पण नुसती धूळ पाहून नवल वाटतं, हसू येत नाही. हसू येतं ते शेजारच्या कामगारांमुळे. इतकं अघटित घडतंय आणि ते मात्र रोजचं काम करावं तसे शांतपणे मागे सरकतात! माझ्या मते सगळी गंमत त्या निर्विकार चेहऱ्यांत आहे.

याहून अवघड प्रकार म्हणजे उलटेपणा लपवणं. चॅप्लिनच्या 'पे डे'मध्ये (१९२२) खालून भराभर विटा फेकल्या जातात आणि परांचीवर उभा चार्ली त्या हातात, पायावर, हनुवटीखाली अलगद झेलून रचत जातो. चित्रीकरणात तो खरं तर विटा खाली सोडत होता. सोडलेली वीट सुरुवातीला अगदी हळू पडते, म्हणून उलट दाखवल्यावर ती हातापाशी येता येता मंदावते आणि अलगद टेकते. वर फेकलेली वीटही माथ्यावर अशीच मंदावते, त्यामुळे चोरी पकडली जात नाही. मात्र शरीराची प्रत्येक हालचाल उलट्या क्रमाने करावी लागते. हे मला अभिनयातलं फार मोठं कसब वाटतं.

आणि ओल्डरिख लिप्स्कीचा 'हॅपी एंड' (१९६७) हा झेक सिनेमा जरूर बघा. अख्खा सिनेमा उलटा आहे. सुरुवातीला गिलोटिनखालचं तुटलेलं मुंडकं धडाला जोडलं जातं आणि निवेदक खाटीक त्यालाच आपला जन्म म्हणतो. बायकोच्या खुनाचा प्रसंग येतो तेव्हा तिचे तुकडे जुळून बायको तयार होते. चित्र उलटं, निवेदन मात्र सरळ, आणि त्यातच आधी उत्तर, मग प्रश्न असे संवाद. प्रसंग इतका भयानक असूनही हसू आवरत नाही.