ग्रुपवर ‘बघू’ म्हणजे ‘नाही’च समजायचं का?

तुम्ही विचारलंय, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उघड विरोध कुणीच करत नाही, मग तो ओळखायचा कसा. अहो, ओळखायला काय लागतं! सकाळी लिफ्टमध्ये तोंड दाखवायचं असतं, म्हणून थेट ‘नाही’ लिहीत नाहीत, एवढंच.

आमच्या पाथर्डी फाट्याकडचं घ्या. मे महिन्यात टँकर सुरू झाले. चेअरमनसाहेबांनी रात्री टाकलं, ‘टँकरचा खर्च सर्व फ्लॅटना सारखा. कुणाची हरकत?’ खाली दोन-चार अंगठे. एका काकांचे नुसते जोडलेले हात. वन बीएचकेवाले एक भाऊ म्हणाले, ‘निर्णय योग्यच, फक्त नळांचं काय ते एकदा बघावं.’ एरवी ‘दादा’ म्हणणाऱ्या एक ताई अचानक ‘माननीय अध्यक्ष’वर आल्या. तेवढ्यात कुणीतरी हापूसच्या पेट्यांचा भाव टाकला आणि सगळा ग्रुप तिकडे धावला. सकाळी घोषणा: ‘सर्वानुमते मंजूर.’

कसलं सर्वानुमते? ‘फक्त’च्या पुढे जे येतं तोच निरोप, आधीचं सगळं मानपान. आणि त्या भाऊंचं बरोबरच होतं, आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, पाण्याचा खर्च फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार बघून वाटायचा आहे. पुढच्या महिन्यात थकबाकीची यादी लागली, तेव्हा कुणाकुणाची हरकत होती ते नावानिशी कळलं.

‘मौन म्हणजे संमती’ हे पालुपद आता पुरे. आपलाच मेसेज दाबून धरा, ‘माहिती’ उघडा, कुणी वाचला ते दिसतं. निळ्या टिका बंद ठेवणारेही ग्रुपमध्ये लपत नाहीत. वाचून गप्प बसलेल्यांना फोन करा, तोही एकेकट्याला. पोल घेणार असाल तर ‘एकापेक्षा जास्त उत्तरं’ हे बटण बंद करा, नाहीतर लोक दोन्हीकडे टिचकी मारतात. ‘मीटिंगमध्ये बोलू’ हा तिसरा पर्याय ठेवाच, खरा विरोध तिथेच जमा होतो. मात्र कुणी कुठे मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे भिडस्त माणूस पोललाही हात लावत नाही.

आणि हो, पोल म्हणजे ठराव नव्हे. तो सभेत मांडून इतिवृत्तात यावा लागतो. जोडलेल्या हातांचंही सरसकट धरू नका. काही आजी-आजोबा वाढदिवसालाही तेच टाकतात.