तिला गवंड्यापाशी उभी राहू द्या

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. गुण ८५ टक्क्यांच्या आसपास असतात. तिने परदेशात पदवी घ्यावी अशी आमची इच्छा आहे. अर्ज उठून दिसावा म्हणून कन्सल्टंटने परीक्षेनंतर दोन आठवड्यांचा स्वयंसेवेचा कार्यक्रम सुचवला आहे. पूर्व आफ्रिकेतल्या एका गावात शाळेची खोली बांधायची, जुने वर्ग रंगवायचे, मधले तीन दिवस अनाथाश्रमात. शेवटी प्रमाणपत्र, फोटो आणि शिफारसपत्र. खर्च मोठा आहे, तिच्या शिक्षणासाठी ठेवलेली एक ठेव मोडावी लागेल, पण आम्ही ती गुंतवणूक समजतो. अडचण एकच, मुलगी तयार नाही. ‘मला विटा लावता येत नाहीत, मी तिथे जाऊन काय करू?’ म्हणते. तिला अजून गांभीर्यच नाही. घरी वरच्या खोलीचं काम चालू आहे, तर पुस्तक टाकून गवंड्यापाशी जाऊन उभी राहते आणि भिंतीला रोज पाणी का मारता, असले प्रश्न विचारत बसते. तिला कसं समजवावं?
– एक वडील

उत्तर :

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या खेपेला कार्यक्रम, कन्सल्टंट, ठेव, प्रमाणपत्र एवढंच दिसलं. दुसऱ्यांदा मुलीला शोधत वाचलं, तेव्हा ती तक्रारींच्या यादीत सापडली. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेल्या त्या दोन गोष्टीच मला सगळ्या पत्रात कामाच्या वाटल्या.

‘मला विटा लावता येत नाहीत, मी तिथे जाऊन काय करू?’ याला तुम्ही नकार समजलात. मला तर हा या सगळ्या बेतावरचा सर्वांत रास्त प्रश्न वाटतो. कार्यक्रम विकणाऱ्याला तो पडला नाही, पैसे भरणाऱ्या तुम्हाला पडला नाही, सतरा वर्षांच्या मुलीला पडला. तो तिला का पडला, तेही तुमच्याच पत्रात आहे. गवंडी दोरी ताणतो, ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का बघतो, वरच्या थरातला सांधा खालच्या सांध्यावर येऊ देत नाही, हे ती उभी राहून बघते आहे. हे काम दोन आठवड्यांत येत नाही, हे तिला कोणी शिकवायची गरज उरलेली नाही.

आता ‘कसं समजवावं’ याबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हा शब्द फार असतो आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘कसं वळवावं’ असा असतो. तुम्ही तिला कशासाठी वळवता आहात, ते एकदा मोठ्याने म्हणून बघा. जे काम येत नाही ते, जिथे जावंसं वाटत नाही तिथे, तुझ्याच शिक्षणाची ठेव मोडून करून ये, आणि आल्यावर ‘या अनुभवाने माझं आयुष्य बदललं’ असा निबंध लिही. मुलगी खोटं लिहायला तयार होत नाही, याची तुम्हाला काळजी वाटते. मला झाली असती ती पटकन तयार झाली असती तर.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा असाच कार्यक्रम करून माझ्याकडे मुलाखतीच्या तयारीसाठी आला होता. फोटो सुंदर होते, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात थापी. मी विचारलं, शाळेत खोल्या किती? आठवेना. शिक्षक किती, मुलं कितवीपर्यंत शिकतात, पाणी कुठून येतं? माहीत नव्हतं. मग शेवटचं विचारलं, तू बांधलेल्या भिंतीवर आज छप्पर आहे का? तो गप्प झाला. हुशार मुलगा होता, त्याला त्या शांततेतच सगळं कळलं. पण कळण्यासाठी आईवडिलांनी मोजलेली रक्कम फार मोठी होती.

तुमचा मूळ समज असा दिसतो, की परदेशातली विद्यापीठं असल्या प्रवासांना भाव देतात. हा समज कन्सल्टंट मंडळींनी जिवंत ठेवला आहे, कारण त्यात त्यांचं कमिशन असतं. २०१६ मध्ये हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या एका प्रकल्पाने अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयांच्या प्रवेशप्रमुखांना बरोबर घेऊन एक अहवाल काढला. विद्यार्थ्याच्या सेवाकार्यात काय बघावं, हाच त्यातला एक मोठा मुद्दा होता. सूर असा, की थोड्या दिवसांच्या दिखाऊ उपक्रमापेक्षा किमान वर्षभर सातत्याने केलेलं काम महत्त्वाचं. लोकांसाठी उपकार म्हणून केलेल्या कामापेक्षा लोकांच्या बरोबरीने केलेलं काम महत्त्वाचं. आणि घराला हातभार म्हणून नोकरी करणं, धाकट्या भावंडांना सांभाळणं, हेही योगदानच धरावं. प्रत्येक विद्यापीठ तो अहवाल समोर ठेवून अर्ज वाचतं, असं मी म्हणणार नाही. पण अर्ज वाचणाऱ्यांनी विटेसोबतचे फोटो इतके पाहिलेले असतात, की त्यांना त्यात विद्यार्थी दिसायच्या आधी पालकांची ऐपत दिसते.

तिच्या अर्जाची काळजी घडीभर बाजूला ठेवू. ज्या गावात ती भिंत उभी राहणार, त्या गावाचं काय? २०१४ मध्ये एका अमेरिकन तरुणीने आपल्या शालेय वयातल्या टांझानियातल्या सहलीबद्दल लिहिलं, ते जगभर वाचलं गेलं. तिचा गट तिथे वाचनालय बांधायला गेला होता. मुली दिवसभर विटा रचायच्या. ते काम इतकं कच्चं असायचं, की गावातले लोक रात्री त्या विटा उतरवून भिंत नीट बांधायचे. सकाळी पाहुण्यांना काही कळू नये, म्हणून. वाचणाऱ्याला हसू येतं. पण ज्यांना एकाच भिंतीसाठी दुप्पट राबावं लागलं, त्यांच्या बाजूने वाचून बघा.

आणि हे हसण्यावारी न्यायचं प्रकरणच नाही, कारण बांधायची आहे ती शाळा आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये हैतीत राजधानीजवळच्या पेत्योंव्हिलमध्ये तीन मजली शाळा भर वर्ग चालू असताना कोसळली. भूकंप नव्हता, वादळ नव्हतं, बांधकामच निकृष्ट होतं. नव्वदहून अधिक जण गेले, त्यात बहुतेक मुलं. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला मोठा भूकंप झाला तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. हजारो वर्गखोल्या पडल्या. तिथे शनिवारी शाळांना सुट्टी असते आणि तो शनिवार होता, एवढ्यावर किती मुलं वाचली असतील याचा हिशेब करवत नाही. त्यानंतरच्या पुनर्बांधणीत तिथे हजारो गवंड्यांना भूकंपात टिकणारं बांधकाम शिकवलं गेलं. वजन पेलणाऱ्या भिंतीला हात लावायचा तर ती तयारी लागते. तुमच्या घराची वरची खोली तुम्ही दोन आठवड्यांसाठी आलेल्या बारावीच्या मुलांकडून बांधून घ्याल का? मग दुसऱ्यांच्या मुलांची शाळा त्यांनी बांधलेली कशी चालते?

कोणी म्हणेल, रंग द्यायला काय लागतं? रंग देता येतो, मान्य. पण त्यासाठी विमानाने जाणाऱ्या दहा जणांच्या भाड्यात गावातल्या रंगाऱ्यांना कितीतरी महिन्यांची मजुरी मिळाली असती. गावात हात कमी नसतात, मजुरी द्यायला पैसे कमी असतात. आणि भिंती चकचकीत झाल्या तरी शिकवायला माणूस लागतोच, त्याचा पगार दर महिन्याला लागतो. त्यासाठी वर्गणी देणाऱ्याचा फोटो निघत नाही.

अनाथाश्रमातले ते तीन दिवस मात्र आधी काढून टाका, मग बाकीचं बोलू. नेपाळपासून कंबोडियापर्यंत असं आढळलं आहे, की अशा संस्थांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुणे येतात म्हणून पैसा येतो आणि पैसा येतो म्हणून मुलं घरातून आणली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी हाही गुलामगिरीचाच प्रकार मानला. ज्या कार्यक्रमात तुमच्या मुलीची कसलीही चौकशी न करता तिला तीन दिवस लहान मुलांमध्ये सोडणार आहेत, तिथे उद्या आणखी कोणालाही सोडतील. जाता जाता कन्सल्टंटला व्हिसा कोणता काढणार तेही विचारा. पर्यटक व्हिसावर बिनपगारी काम करणंसुद्धा अनेक देशांत नियमाबाहेर असतं.

एवढं वाचून मी परदेशी स्वयंसेवेच्या विरोधात आहे असं वाटलं असेल. तसं नाही. ॲना हेरिंगर नावाची जर्मन मुलगी एकोणीस वर्षांची असताना बांगलादेशात गेली आणि ‘दीपशिखा’ या ग्रामीण विकास संस्थेबरोबर जवळपास वर्षभर राहिली. शाळा बांधायला नव्हे, गावं कशी चालतात ते शिकायला. मग घरी जाऊन तिने आर्किटेक्चर केलं. त्या पदवीचा प्रकल्प म्हणून तिने त्याच भागातल्या रुद्रपूर गावासाठी शाळेचा आराखडा काढला. २००५ मध्ये माती आणि बांबूची ती दुमजली शाळा उभी राहिली. गावातलेच कारागीर होते, माती तुडवायला म्हशी होत्या. २००७ मध्ये तिला आर्किटेक्चरसाठीचा आगाखान पुरस्कार मिळाला. पहिल्या भेटीपासून भिंतीपर्यंत साधारण आठ वर्षं गेली, हे तेवढं लक्षात घ्या.

दुसरं उदाहरण उलट्या दिशेचं. फ्रान्सिस केरे हा बुर्किना फासोतल्या गांदो गावचा. गावात शाळा नव्हती, म्हणून सात वर्षांच्या पोराला घर सोडून दुसऱ्या गावी शिकायला जावं लागलं. पुढे सुतारकामाची शिष्यवृत्ती मिळून तो जर्मनीला गेला आणि तिथे आर्किटेक्चर शिकला. शिकत असतानाच त्याने पैसे जमवले आणि २००१ मध्ये गांदोत शाळा उभी केली. मातीच्या विटा, आणि पत्र्याचं छप्पर भिंतींपासून वर उचललेलं, म्हणजे मधून वारा खेळतो आणि वर्ग तापत नाही. पायाचे दगड गावकऱ्यांनी वाहिले. २०२२ मध्ये त्याला प्रित्झकर हा आर्किटेक्चरमधला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळाला. पत्रा उचलायचं का सुचलं? तापलेल्या वर्गात तो स्वतः बसला होता.

तुमची मुलगी भिंतीला पाणी का मारतात हे विचारते, ते मला याच जातीचं कुतूहल वाटतं. पुढे ती आर्किटेक्ट होईल, सिव्हिल इंजिनीअर होईल की आणखी काही, हे मी एका प्रश्नावरून सांगणार नाही, तुम्हीही ठरवू नका. आर्किटेक्चर, सिव्हिलची पदवी किंवा डिप्लोमा, इंटिरियर, नियोजन, या वाटांच्या प्रवेश परीक्षा तुम्हाला माहीत असतील, ८५ टक्क्यांत त्यातलं काहीही अशक्य नाही.

सुट्टीत ठेव मोडू नका. तिला हवं असेल तरच, हे पुन्हा लिहिते, तिला हवं असेल तरच, तिला एखाद्या बांधकामावर महिना-दोन महिने जाऊ द्या. मोजमाप घ्यायला, वाळू-सिमेंटचा हिशेब ठेवायला, साइटवरची वही लिहायला. उन्हात दमून येईल. कदाचित आठव्या दिवशी ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ म्हणेल. तेही स्वस्तात कळलेलं बरं.

आणि तिला स्वतःला कधी परदेशात जाऊन काम करावंसं वाटलं, तर प्रामाणिक जागा आहेत. पिएर सेरेसोल या स्विस इंजिनीअरने १९२० मध्ये पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या वर्दंजवळच्या एका फ्रेंच गावात स्वयंसेवकांचं शिबिर घेतलं. कालपर्यंत शत्रू असलेले जर्मनही त्यात होते. त्यातून निघालेली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था आजही दोन-तीन आठवड्यांची शिबिरं घेते. हेतू मुळापासून उघड आहे, वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी एकत्र राबावं आणि एकमेकांना ओळखावं. तिथे जाऊन कोणी गावाचा तारणहार होत नाही. ब्रिटनच्या व्हीएसओ (व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज) या परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९५८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा शाळा संपवलेली, अठरा वर्षांची मुलंच परदेशी पाठवायची, अगदी तुमच्या मुलीच्या वयाची. काही वर्षांतच ती पदवीधरांकडे वळली आणि पुढे प्रशिक्षित, अनुभवी माणसांकडे. तुमची मुलगी आज जे म्हणते आहे, ते त्या संस्थेला उमगायला वेळ लागला.

कन्सल्टंटला नाही कळवायला तुम्हाला जड जाईल. आगाऊ रक्कम भरली असेल तर ती बहुधा बुडेल, बुडू द्या. आणि पुढचं पत्र तुम्ही लिहू नका, तिला लिहू द्या. गुण, देश, विद्यापीठ यातलं काहीच नको. गवंड्याने भिंतीला किती दिवस पाणी मारायला सांगितलं, का सांगितलं, आणि तिला ते पटलं का, एवढंच कळवायला सांगा.